गाडीचा अँटेना काढायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘गाडीच्या टपावरचा अँटेना आजच काढा’ असा एक मेसेज बरेच दिवस ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बाहेरच्या अँटेनावर वीज पडते, त्यातून घातक लहरी निघतात, त्याच्यामुळे गाडीचं ॲव्हरेज लिटरमागे दोन किलोमीटरनं कमी होतं. त्याऐवजी ॲम्प्लिफायरवाला छुपा अँटेना पुढच्या काचेला आतून चिकटवा, स्टेशनं पूर्वीपेक्षा लांबची लागतील. बसवायला दहा मिनिटं, ‘काचेच्या बाजूची प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढा, वायर आत सरकवा, पट्टी दाबून बसवा’. वर दाखला, की अमेरिकेत १९५३ सालापासून अँटेना आतच असतो.

असले मेसेज मी एरवी न वाचता पुसतो. पण आमच्या कराडच्या काकांनी तो वाचला आणि गाडी थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात नेली. टपावरचा अँटेना बुडासकट निघाला, भोकात रबरी बूच आणि सिलिकॉन गेलं, आणि आता मोठा पाऊस झाला की टपाच्या आतलं कापड ओलं होतं. बातम्या ऐकायला रेडिओ लावावा तर नव्या छुप्या अँटेनावर खरखर. काकांना मी बोललो नाही, त्यांनी विश्वास ठेवला एवढंच. पण ज्यानं हे लिहिलं त्याला जाब विचारायला हवा, कारण त्यातली एक सूचना माणसाच्या जिवावर बेतू शकते. आधी तीच घेतो.

ती ‘प्लॅस्टिकची पट्टी’ म्हणजे ए-पिलरचं आवरण. पुढची काच आणि पुढचा दरवाजा यांच्या मधला जो खांब, त्याला ए-पिलर म्हणतात. ज्या गाड्यांना कर्टन एअरबॅग असतात, त्यांत ही एअरबॅग दरवाजांच्या वर, टपाच्या कडेनं घडी घालून बसवलेली असते आणि तिचं पुढचं टोक याच खांबापाशी येतं. बाजूनं धडक बसली की सेकंदाच्या काही शतांश भागात ती फुगून खाली येते आणि डोकं व काच यांच्यामध्ये उभी राहते. ती कुठून बाहेर पडणार, आवरण कुठे वाकणार, क्लिपा कुठे सुटणार, हे सगळं कंपनीनं ठरवलेलं असतं. तिच्या वाटेत आडवी वायर टाकली, तर एअरबॅग अडू शकते किंवा वेडीवाकडी उघडू शकते. काही गाड्यांत या आवरणाच्या क्लिपा एकदाच वापरायच्या असतात. काढलं की नव्या लावायच्या. जुन्याच दाबून बसवल्या तर एअरबॅग उघडताना ते अख्खं प्लॅस्टिक सुटून तोंडावर येण्याचा धोका असतो.

इथे एअरबॅग आहे, हे गाडीवरच लिहिलेलं असतं. त्या खांबावर ‘एसआरएस एअरबॅग’ अशी कोरलेली अक्षरं बघा. ती दिसली तर तिथे घरच्या घरी हात घालायचा नाही. माहितगार मेकॅनिक असं काम करताना आधी बॅटरी सोडवतो, थोडा वेळ थांबतो आणि वायर एअरबॅगच्या मागून, मूळ वायरिंगला बांधून नेतो. एअरबॅगचे कनेक्टर बहुतेक पिवळे असतात ते एवढ्यासाठीच, की कुणी चुकूनही त्यांना हात लावू नये. आणि हा मेसेज सांगतो, ॲम्प्लिफायरला करंट द्यायला ‘जवळची कुठलीही वायर सोलून जोडा’. कुठलीही! हे लिहिणाऱ्यानं गाडीचा खांब कधी आतून पाहिलाय का? ज्या गाडीत लेकरं बसतात, तिच्या सुरक्षिततेशी दहा मिनिटांत खेळायला सांगायचं आणि वर ‘सर्वांना पाठवा’ म्हणायचं, याला बेजबाबदारपणाच म्हणतात.

आता वीज. हा मुद्दा वाचूनच काका घाबरले होते. मोकळ्या माळावर गाडीवर वीज पडू शकते आणि पडली तर ती वर आलेल्या टोकावर, म्हणजे कधी अँटेनावरही पडू शकते, एवढं खरं. रेडिओ जळेल, वायरिंग जाईल. पण अँटेना काढल्यानं वीज टळत नाही. ढगातून किलोमीटरभर खाली येणाऱ्या विजेला वीतभर दांडीनं काय फरक पडणार? दांडी नसली तर टप आहेच. आतल्या माणसांना वाचवतो तो हाच पत्र्याचा टप आणि सांगाडा. विजेचा प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून वाहत जमिनीत जातो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या वादळविषयक सूचना वाचा: गाडीत असाल तर गाडीतच थांबा, काचा वर घ्या, आतल्या धातूला हात लावू नका, गाडी झाडं आणि विजेच्या तारांपासून लांब उभी करा. अँटेना काढायचं त्यात कुठेही नाही. उलट दुचाकी आणि शेतीची वाहनं सोडून आसरा घ्यायला सांगितलंय. मेसेज वाचून एखाद्यानं छुपा अँटेना बसवला आणि आता आपल्याला भीती नाही म्हणून झाडाखाली गाडी लावली, तर?

घातक लहरींचं दोन वाक्यांत संपवतो. रेडिओचा अँटेना लहरी घेतो, सोडत नाही. आणि स्टेशनच्या लहरी तुमच्या अंगावरून तशाही जातच असतात, अँटेना असो वा नसो.

ॲव्हरेजचा हिशेब मात्र मी बसून केला. चार मिलिमीटर जाड, पाऊण मीटर लांब अशी जुन्या पद्धतीची दांडी धरली, तर हवेला तिचा अडथळा अख्ख्या गाडीच्या अडथळ्याच्या जेमतेम अर्धा टक्का येतो. हायवेला इंजिनाची निम्मी ताकद हवा कापण्यात जाते असं मानलं, तरी फरक पाव टक्का. म्हणजे वीसचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला लिटरमागे पन्नास मीटर. दोन किलोमीटर कुठे आणि पन्नास मीटर कुठे! हल्लीच्या आखूड रबरी अँटेनाला तर तेवढाही नाही. टायरमधली हवा नीट ठेवलीत तर याच्या कितीतरी पट वाचेल.

राहिला रेडिओ, आणि मला खरी कळकळ याचीच आहे. पुण्याची विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर लागते. तिच्या लहरीची लांबी सुमारे तीन मीटर. तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर, म्हणून जुन्या गाड्यांची दांडी साधारण तेवढी असायची. ती उगाच लांब नव्हती. त्या दांडीला खालून टपाच्या पत्र्याची साथ लागते, म्हणून अँटेनाचं बूड पत्र्याला घट्ट अर्थ झालेलं असावं लागतं. आखूड रबरी अँटेनात हीच लांबी तारेच्या वेटोळ्यांत गुंडाळलेली असते. तिथे थोडं कमी पडतं, पण टपावर, मोकळ्यावर असल्यानं काम भागतं. मध्यम लहरींची गोष्ट आणखी अवघड. पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झची लहर जवळपास ३८० मीटर लांब. तिथे गाडीवरचा कुठलाही अँटेना अपुराच, मग आत लपवलेल्याचं काय घेऊन बसलात!

‘ॲम्प्लिफायर आहे ना’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. ॲम्प्लिफायर आलेला सिग्नल मोठा करतो आणि सोबत आलेला गोंगाटही तितकाच मोठा करतो. गाडीच्या आत गोंगाट किती असतो ते बघा. मोबाइलचा स्वस्त चार्जर, डॅशकॅम, एलईडी पट्ट्या, सगळे एफएममध्ये खरखर ओततात, आणि छुपा अँटेना नेमका त्यांच्या शेजारी चिकटवलेला. काकांच्या गाडीत चार्जर उपसल्याबरोबर निम्मी खरखर गेली. पुढच्या काचेला उष्णता रोखणारा धातूचा थर असेल, तर सिग्नल आत येतानाच अडतो. अशा काचेवर फास्टॅग नीट वाचला जात नाही तो याच कारणानं. खंबाटकी घाटात स्टेशन जातं ते डोंगर मधे येतो म्हणून, आणि त्याला कुठलाच अँटेना पुरा पडणार नाही.

१९५३ चा दाखला मात्र निखालस खोटा नाही, हे मानावं लागेल. त्या वर्षी आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेटचा अँटेना खरंच डिकीच्या झाकणात जाळीच्या रूपात लपवलेला होता. पण तो चालला कशामुळे? त्या गाडीची बॉडी फायबरग्लासची होती, आणि फायबरग्लासमधून रेडिओलहरी आरपार जातात. तुमच्या-आमच्या गाडीचा पत्रा पोलादी. आजही काही गाड्यांत कंपनीनंच मागच्या काचेवर अँटेना छापलेला असतो आणि तो उत्तम चालतो, कारण त्याची जागा, ॲम्प्लिफायर आणि अर्थिंग त्या गाडीपुरतं आखलेलं असतं. आठशे रुपयांच्या चिकटपट्टीला तो दाखला लागू होत नाही.

बाहेरचा अँटेना पार्किंगमध्ये पोरं पिरगाळतात, चोर नेतात, वॉशिंगला मोडतो, ही तक्रार खरी आहे. त्यावर सोपा उपाय आहे. बहुतेक दांड्या नुसत्या आट्यांच्या असतात, फिरवून काढा आणि डिकीत ठेवा. मोडली तर त्याच आट्यांची दुसरी आखूड मिळते. शार्क फिन, म्हणजे माशाच्या परासारखा दिसणारा अँटेना, हवा असेल तर मूळच्या भोकात बसणारा आणि मूळच्या वायरला जोडला जाणारा घ्या. वरून चिकटवायचे कितीतरी शार्क फिन आतून पोकळ असतात, त्यांत अँटेनाच नसतो. आणि एवढं सगळं वाचूनही छुपाच बसवायचा असेल, तर टपावरचं बूड जागेवर राहू द्या म्हणजे भोक पडणार नाही, अँटेना मागच्या काचेवर लावा, काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डीफॉगरच्या तारांपासून लांब ठेवा, आणि करंट बाहेरून बसवलेल्या स्टिरिओच्या अँटेनासाठी दिलेल्या निळ्या वायरवरूनच घ्या. ए-पिलरला हात लावायची वेळ आलीच तर गाडी सर्व्हिस सेंटरला न्या.