बगळ्याची पिसं आणि ती विकत घेणारे

इथे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल नावाच्या बंदराच्या चिखलात लहान बगळा एक पाय थरथरवत मासे उठवतो. पाय काळे, बोटं पिवळीधमक. आमच्या नाशिककडच्या नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीतही तो हेच करतो. लहानपणी डोक्यावरून थवा गेला की आम्ही नखं घासत ‘बगळ्या बगळ्या फुलं दे’ ओरडायचो. नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळ्यानं फूल दिलं!

हे आठवलं ते निफाडहून आलेल्या दादाच्या निरोपामुळे. गावाजवळ लावऱ्यांसाठी लावलेली नायलॉनची जाळी सापडली आणि घरच्या ग्रुपवर एकच सूर लागला, पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून शिकार करणाऱ्या पारध्यांची पालं उठवा. त्यात कुणी लिहिलं, इंग्रजांनी कायदे केले म्हणून पाखरं उरली. ते वाचून मला गप्प बसवेना.

विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर झिरझिरीत पिसं येतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या इंग्लंडातल्या बायका ती टोपीवर खोचत. लंडनच्या मिन्सिंग लेनमध्ये लिलाव व्हायचे, भाव सोन्याच्या वर जायचा. पिसं हवीत तर घरट्यावरचाच पक्षी मारायचा, मागे पिल्लं उपाशी मरायची. खंड्या, नीलपंखही त्याच बाजारात गेले. हिंदुस्थानातून पिसांची निर्यात 1902 साली बंद झाली, पण इंग्लंडात आयातबंदीचा कायदा व्हायला 1921 उजाडलं. तोही पक्षी वाचवायला संस्था काढणाऱ्या एमिली विल्यमसनसारख्या बायकांनी 1889पासून नेट लावला म्हणून. आज मला दिसणाऱ्या लहान बगळ्यानं ब्रिटनमध्ये आधुनिक काळात पहिल्यांदा पिल्लं वाढवली ती 1996 साली, याच बंदरातल्या ब्राउनसी बेटावर.

आणि फासे लावणारे? अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणाऱ्या 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुढे पारध्यांवरही बसला. 1952 साली तो कागदावरून पुसला, गावकऱ्यांच्या मनातून अजून नाही. टोपी मिरवणारीला मात्र कुणी जन्मजात गुन्हेगार म्हटलं नाही.

दादा, जाळं लावणं गुन्हाच आहे. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, वनखात्याकडे तक्रार कर. पण जाळं कुणाचं हे कळायच्या आत पालं उठवू नका, आणि त्या लावऱ्या पैसे मोजून खाणारा कोण, तेही शोधा. नांदूरमधमेश्वर 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, याचा मलाही अभिमान आहे. पुढच्या पक्षिगणनेला चापडगावला जाशील तेव्हा पालावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला रोजंदारी देऊन सोबत ने. तितराची साद हुबेहूब काढणारा माणूस आहे तो. बगळे रात्री कुठल्या बाभळीवर उतरतात, हे तो तुझ्या दुर्बिणीआधी सांगेल.