दार किती म्हणता?

आमचा वाडा पुण्यात, कसब्यात, शनिवारवाड्याच्या अगदी जवळ. हे वाक्य मी पूर्वी छाती फुगवून म्हणत असे. वाडा विकायला काढल्यापासून आवाज खाली आलाय.

पहिला बिल्डर आला तो चपलांसकट ओसरीवर चढला. दोन चौक, सागवानी खांब, दोन हात रुंद भिंती यांच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. विचारलं, "शनिवारवाडा इथून किती?"

"अहो, दोन मिनिटांवर!"

त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं, मागे जिना कोसळला. त्यानं टेप मागवली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, असा २०१० पासूनचा केंद्राचा कायदा; त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीचे खेटे. आम्ही भरलो ८८. बाजीरावांनी १७३२ साली वास्तुशांत उरकली, १८२८ साली वाडा जळाला, आत उरली फक्त जोती. आणि त्या जोत्यांपायी माझा टॉवर अडलाय! पणजोबांनी चार घरं सोडून जागा घेतली असती तर काय बिघडलं असतं?

"डागडुजी करा की, परवानगी काढून," बिल्डर जाताजाता म्हणाला. डागडुजी! आमच्याकडे भिंतीत खिळा ठोकला की पलीकडच्या काकूंच्या चहात माती पडते. पावसाळ्याच्या तोंडावर 'धोकादायक इमारत' अशी नोटीस लावायला माणूस येतो, तोसुद्धा भिंतीला हात लावत नाही. दारावर चिकटवतो आणि मागं न बघता जातो.

काकू म्हणजे मागच्या चौकातल्या भाडेकरू. भाडं महिना ४२ रुपये. दर पाच तारखेला त्या मोजून ४२ रुपये आणि एक तक्रार देतात. रुपये कधीकधी राहतात.

मिळकत पत्रिकेवर चौदा नावं, त्यांतली पाच कैलासवासी. उरलेल्यांच्या सह्या गोळा करायला निघालो. सांगलीची आत्या म्हणाली, "करते की सही. फक्त माझं लग्न लागलं तो चौक सोडून विका." अमेरिकेतला चुलतभाऊ फोनवर गहिवरला, "दादा, आठवणी आहेत रे तिथं!" म्हटलं, त्या आठवणींवरची कौलं बदलायचीत, तेवढे पैसे पाठव. त्याच्याकडे तेव्हा नेमकी मध्यरात्र झाली.

मग एक आर्किटेक्ट जोडपं आलं. बाई खांबाला मिठी मारून उभ्या राहिल्या. साहेब ओल आलेल्या भिंतीचे चाळीस फोटो काढून म्हणाले, "ही ओल प्लीज काढू नका, फार जिवंत टेक्स्चर आहे." मी म्हटलं, जिवंत तर आहेच, गोगलगायी निघतात. घेणार का? ते म्हणाले, घेणार नाही, पण एका मैत्रिणीचं प्री-वेडिंग शूट होईल का?

खरा जाणकार भेटला तो जुन्या लाकडाचा व्यापारी. आला आणि थेट दिंडी दरवाजाशी थांबला. फळीवर नख ओढलं, वास घेतला. "दार किती म्हणता?"

"दार नाही हो, वाडा विकायचाय."

"ते झालंच. दार किती?" मग त्यानं खांब मोजले, तुळयांवर टिचक्या मारल्या, झोपाळ्याच्या पितळी कड्यांचं वजन नुसत्या हातानं सांगितलं. पाकिटाच्या मागे आकडे मांडून बेरीज माझ्यापुढे धरली. बिल्डर अख्ख्या वाड्याचे जे द्यायला तयार नव्हता, त्याहून ती बरी होती.

"आणि बाकीचा वाडा?"

"तो राहू द्या तुम्हाला."

हे सगळं काकू खिडकीतून ऐकत होत्या. पाच तारीखही होती. ४२ रुपये पुढं करत म्हणाल्या, "दार विकलंत तर रात्री कुत्री येतील हो. आणि तोवर त्याचा कोयंडा तरी बसवून घ्या, महिना झाला लोंबतोय."

दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला. त्यानं कोयंडा काढून पिशवीवर ठेवला, दारावरून तळवा फिरवला, बोटानं दोनदा वाजवून पाहिलं आणि इकडंतिकडं बघत हळूच विचारलं, "साहेब, हे दार देणार का?"