फोटो नंतर, आधी कैऱ्या सोल

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. वेळ नसेल तर सरळ पुढे सरका.

झालं असं की एका ग्रुपवर रील आलं. ‘महाराष्ट्रातलं कुणालाच माहीत नसलेलं ठिकाण’. उघडून बघते तर नंदुरबार जिल्ह्यातलं आमचं धडगाव. (आमचं म्हणायचा मला काडीचा अधिकार नाही, तीन दिवस राहून आलेली बाई मी, पण तोंडात येतं ते येतंच.) ड्रोन, ढग, घाटाची वळणं, मागे कसलीतरी बासरी, आणि मग एक आजी. तिच्या अंगणात शिरून कॅमेरा डायरेक्ट तोंडासमोर. ती बिचारी पदर पुढे ओढतेय आणि हा पठ्ठ्या खाली लिहितोय ‘किती निरागस लोक’. आणि कुणालाच माहीत नाही म्हणजे काय रे? पिढ्यान् पिढ्या तिथे राहणारे पावरा, भिल्ल आदिवासी हे कुणीच नाहीत का?

मला आठवली ती दुसरी आजी. मे महिना होता, तळोद्याकडून चांदसैली घाट चढून आम्ही धडगावच्या बाजूला गेलो होतो. एका पाड्यावर अंगणभर कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या, आमचूर करायचं चाललेलं, मांडव, पत्रे, चटया, जिथे जागा तिथे फोडी. आजी सुरीने कैरी सोलत होती, एका लयीत, हाताकडे न बघता. मी अर्थातच मोबाईल काढला. ती पावरीत काहीतरी बोलली, मला ओ की ठो कळलं नाही. तिची नात दहावीतली असेल, ती हसत म्हणाली, “आजी म्हणते फोटो नंतर, आधी कैऱ्या सोल.” आणि माझ्या हातात सुरी.

बसले. करते काय.

तर रीलवर येते परत. रीलपेक्षा कमेंट्सनी जास्त डोकं उठवलं. ‘इकडे होळीला लग्नाचा बाजार भरतो ना? मुली पळवून नेतात म्हणे.’ खाली हसण्याचे इमोजी. अरे भोंगऱ्या म्हणजे होळीच्या आधीचा आठवडी बाजार आहे बाबांनो! डाळ्या, गूळ, साखरेचे हार, होळीची सगळी खरेदी, ढोल, बासऱ्या, कामासाठी गुजरातेत गेलेली माणसं गावी परत आलेली, वर्षभराच्या गाठीभेटी. तिथली शिकलेली पोरं वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगतायत की हा लग्नाचा बाजार नाही, आमची बदनामी थांबवा. पण दरवर्षी कुणीतरी तेच छापतं आणि आपल्यातलेच लोक ‘इंटरेस्टिंग कल्चर’ म्हणून फॉरवर्ड करतात. स्वतःच्या दिवाळीच्या गर्दीला कुणी असलं काही म्हणालं असतं तर?

आणि काठी गावची राजवाडी होळी. अक्कलकुवा तालुक्यात. रात्रभर नाचतात, उंचच उंच बांबू उभा करतात आणि होळी पेटते पहाटे. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं, अंगावर ठिपके, हे सगळं रीलमध्ये दिसतंच. दिसत नाही ते हे की ती माणसं नवसाची असतात, त्याआधी कित्येक दिवस व्रत पाळतात, जमिनीवर झोपतात. त्यांना हात लावून ‘भैया इधर देखो’ म्हणायचं म्हणजे वारीतल्या माळकऱ्याला पोझ द्यायला लावण्यासारखं आहे. तेही करतो म्हणा आपण.

बरं, पर्यटनाने पैसा येतो, मान्य. दोन घरांत मुक्कामाची सोय झाली तर चांगलंच आहे, मान्य. पुढे.

ऑफिसात सांगितलं होतं नंदुरबारला चाललेय, तर एकजण म्हणाला, “तिथे बघायला काय आहे? कुपोषण?” आणि हसला. मी पण कसनुसं हसले, त्याचा अजून राग येतो, त्याच्यापेक्षा माझाच. हो, कुपोषण आहे. अजूनही पावसात रस्ता गेला की बाळंतिणीला झोळीत घालून दवाखान्यात नेतात. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं सापडली, त्यातली कितीतरी माणसं डोंगर सोडून तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर आली. पण म्हणून तिथे तेवढंच आहे का? तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर आहे, भर मे महिन्यात संध्याकाळी स्वेटर लागला मला. सातपायरी घाट, यशवंत तलाव, सीताखाई. सीताखाईच्या काठावर उभं राहिलं की बोलावंसंच वाटत नाही. अस्तंभ्याचा डोंगर आहे, दिवाळीला यात्रा निघते, तिथे अश्वत्थामा अजून जखमेसाठी तेल मागत फिरतो म्हणतात. हे सांगताना आमच्या जीपवाल्याने आवाज बारीक केला होता, भर दुपारी.

आणि ‘गाव’ शोधायला जाल तर सापडणारच नाही. आम्ही अर्धा तास विचारत होतो गाव कुठाय, गाव कुठाय, आणि सगळे सांगत होते हेच की. एक घर या टेकडीवर, दुसरं त्या टेकडीवर, मधे शेत. प्रत्येकाचं घर त्याच्या त्याच्या शेतात. गाव म्हणजे चावडी, पार आणि देऊळ हे आपल्या डोक्यातलं चित्र.

असो. थोडी शांत झाले लिहिता लिहिता. चहा घेतला मधे.

कैऱ्यांचं राहिलंच. मी तासभरात पंधरा-वीस सोलल्या असतील, आजीची पाटी तोवर भरून पुन्हा रिकामी झालेली. माझ्या फोडी तिने उचलून बघितल्या आणि बाजूला टाकल्या. नात म्हणाली, जाड झाल्या, आतून ओल्या राहतात, काळ्या पडतात, आणि काळ्याला व्यापारी भाव देत नाही. त्यात अवकाळीचा एक शिडकावा आला की सगळं अंगण वाया. हे मला रीलने सांगितलं असतं का? नसतंच. पण खरं सांगायचं तर सुरी हातात दिली नसती तर मीही विचारलं नसतं. मीही फोटो काढून, ‘किती निरागस’ लिहून, घाट उतरून गेले असते. त्या पोरावर एवढी चिडलेय त्याचं कारण हेच असावं.

निघताना आजीने खूण केली, आता काढ फोटो. माझे हात चिकाने बरबटलेले, बोटं चुरचुरत होती. तिचा नाही काढला. फोडींचा काढला, खोटं कशाला बोलू, स्टेटसला ठेवलापण होता.

कुणाला जायचं असेल तर इनबॉक्स करा, सांगेन. लोकेशनची पिन मात्र मागू नका. शहाद्यापर्यंत एसटी जाते, पुढे विचारत विचारत जा.