विंचू एक, नावं तीन

डॉक्टरांच्या ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज माझ्यापर्यंत चारदा पोचला: ‘पबमेड फुकट, एआय हाताशी. मग मेडिकल कॉलेजचा ग्रंथपाल विद्यार्थ्यांना शिकवणार काय? त्याने पुस्तकं द्यावीत-घ्यावीत.’ (पबमेड म्हणजे वैद्यकीय लेखांची इंटरनेटवरची सूची.) मी असाच एक देणारा-घेणारा.

म्हणे, शोधणं कुणालाही येतं. परवा मेडिसिनचा एक रेसिडेंट थिसिसचा सिनॉप्सिस घेऊन आला. विषय विंचूदंश आणि त्यावरचं औषध प्राझोसिन. ‘सर, आपल्याकडचे पेपर सापडतच नाहीत हो.’ पठ्ठ्याने शोधलं होतं ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’, तेही अवतरणचिन्हांत. नाव बरोबर, पण आजचं. आपला लाल विंचू जुन्या पेपरांत ‘ब्युथस’ आहे, नंतरच्या ‘मेसोब्युथस’. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातला २०११चा पेपरसुद्धा ‘मेसोब्युथस’ नावानेच आहे. शिवाय अवतरणचिन्हं लावली की पबमेड तेवढेच शब्द शोधतं, समानार्थी शब्द स्वतःहून जोडत नाही. तिन्ही नावं ‘ऑर’ने, म्हणजे ‘किंवा’ने जोडली, विंचूदंशाचा मेश शब्द, म्हणजे पबमेडच्या ठरलेल्या विषय-शब्दांतला शब्द घातला, आणि यादी खाली खाली सरकत राहिली. ‘हे फर्स्ट इयरलाच का नाही सांगितलं?’ त्याने विचारलं. कारण फर्स्ट इयरला मला ओरिएंटेशनची वीस मिनिटं मिळतात, त्यातली दहा लायब्ररी कार्डात जातात.

म्हणे, पबमेडमध्ये सगळं असतं. २००१ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरच्या संशोधनात २४ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेला हेक्झामेथोनियम हुंगायला दिलं. ती दगावली. हे औषध फुप्फुसांना इजा करू शकतं, हे १९५०च्या दशकातल्या लेखांत छापलेलं होतं. संशोधकाने पबमेड पाहिलं होतं, पण त्यातल्या नोंदी तेव्हा १९६६पासूनच्या होत्या. कोणत्या साधनात कुठून कुठपर्यंतचं आहे, हे आधी विचारायचं असतं. हेच तर आम्ही शिकवतो.

एआयबद्दल थोडक्यात. त्याने दिलेले संदर्भ घेऊन मुलं काउंटरवर येतात. शीर्षक, खंड, पान सगळं झकास. त्या पानावर निघतो भलताच लेख.

‘वॉर्डाशी ग्रंथपालाचा काय संबंध?’ अमेरिकेतल्या मिझुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठात ग्रंथपाल गर्ट्रूड लॅम्ब यांनी १९७१ साली ग्रंथपालांना डॉक्टरांच्या राउंडलाच नेलं. तिथले प्रश्न टिपायचे आणि उत्तरादाखल लेख आणून द्यायचे.

मेसेजमधलं देण्या-घेण्याचं मात्र खरं. आमच्यातले बरेच जण काउंटर सोडत नाहीत. मीही बारा वर्षं सोडला नव्हता.