पान सध्या कुलूपबंद आहे

ग्रंथालय दोन पाळ्यांत चालत असलं की हरवलेल्या पुस्तकाची किंमत घ्यायची की नवी प्रत, याला सकाळी एक उत्तर मिळतं आणि संध्याकाळी दुसरं. विद्यार्थी हुशार, तो संध्याकाळी येतो. निर्णय झालेला असतोच, पण व्हॉट्सॲप ग्रुपवर, 'शुभ सकाळ'चे गुलाब आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक यांच्यामध्ये तो चेंगरलेला असतो.

यावर उतारा विकीचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून ब्राउझरमध्येच लिहायच्या आणि दुरुस्त करायच्या पानांचा. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिलं विकी सुरू केलं ते प्रोग्रामरांसाठी. देवघेव काउंटर त्यांनी गृहीत धरला नसावा.

विकिपीडिया ज्यावर चालतो तो मीडियाविकी छानच, पण त्याचा डेटाबेस सांभाळायला माणूस लागतो. आठ-दहा जणांना डोकुविकी हे साधं विकी-सॉफ्टवेअर पुरतं. पीएचपी (ते ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय ती) चालवणारा एक संगणक हवा; प्रत्येक पान म्हणजे साधी मजकुराची फाइल. बसवून झालं की इन्स्टॉलची फाइल उडवायची आणि लॉगिनशिवाय वाचायलाही बंदी घालायची. इथवर सगळं सोपं असतं, कारण अजून माणसं आलेली नसतात.

पहिला आग्रह सर्वांना मिळून एकच लॉगिन ठेवण्याचा. अजिबात ठेवू नये. पान कुणी, कधी बदललं हे विकी जपून ठेवतं. लॉगिन एकच असलं तर दंडाचा दर 'लायब्ररी' नावाच्या इसमाने बदलला एवढंच कळतं, आणि तो इसम मेमोला उत्तर देत नाही.

मग नावं. 'हरवलेल्या पुस्तकांच्या दंडवसुलीची कार्यपद्धती' असं भारदस्त नाव दिलं की पान जतनच होत नाही. डोकुविकी फाइलच्या नावात प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरं करतं, आणि नावाची मर्यादा साधारण २५५. काना-मात्रा-वेलांट्या धरून पंचवीसेक चिन्हांत आपला सरकारी बाणा संपतो. पानाचं नाव आखूड आणि रोमन ठेवावं, मराठी मथळा आत पहिल्या ओळीत लिहावा, आणि दुव्यांत मथळाच दिसेल अशी सेटिंग चालू करावी. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधलं परिपत्रक मात्र जसंच्या तसं चिकटवू नये. पडद्यावर मंत्रतंत्र उमटतात आणि शोधात 'दंड' कधीच सापडत नाही.

सर्वांत मोठी परीक्षा कुलपाची. एकाने 'संपादन' दाबलं की पान बाकीच्यांना बंद. मूळ सेटिंगप्रमाणे १५ मिनिटं. दाबणारा नेमका डबा खायला उठतो. कुलूप सुटल्यावर दुसरा दुरुस्ती करून मोकळा होतो, आणि पहिला हात पुसत येऊन 'जतन करा' दाबतो. विकी बिचारं दोन्ही मजकूर समोर ठेवून विचारतं, कोणता ठेवू? इथे न वाचता होकार देण्याची आपली परंपरा आहे. घाबरू नये : जुनी आवृत्ती उघडायची, संपादन दाबायचं, जतन करायचं, की ती परत जागेवर येते.

लिहायला कुणी तयार नसतं, हे वेगळंच. "मॅडम, तुम्हीच टाका ना, मी सांगतो." माझ्या मते उपाय एकच, आणि तो थोडा निर्दयी आहे : तोंडी उत्तर द्यायचं नाही, पानाचा दुवा पाठवायचा. पान नसेल तर विचारणाऱ्यानेच ते उघडायचं. एका पानावर एकच प्रश्न. खाली निर्णय कुणाचा आणि तारीख.

एक पान मात्र छापून काउंटरमागे चिकटवायचं : 'वीज गेल्यावर देवघेव कशी करावी'. ते फक्त विकीवर ठेवणारी ग्रंथालयं आहेत.