वाढदिवस माझा, शहर त्यांचं

परक्या गावात पर्यटक म्हणून जाण्यात एक मोठं सुख असतं. काही आवडलं नाही तर सरळ नाक मुरडता येतं. राजवाडा बघून 'एवढंच?' म्हणता येतं, तिथली नामांकित मिठाई अर्धी टाकून उठता येतं, आणि कुणाचं मन मोडत नाही. मैत्रिणीच्या गावात ही सोय नाही. तिथे आपण पहिला घास घेतो तेव्हा सगळ्यांचे डोळे आपल्या तोंडाकडे लागलेले असतात आणि घास गिळायच्या आत 'कसंय?' येतं. उत्तर ठरलेलंच असतं, प्रश्न फक्त ते किती वरच्या पट्टीत द्यायचं एवढाच.

त्यात मी अशा घरातली, जिथे 'बरं झालंय' ही कौतुकाची शेवटची पायरी. माझ्या लग्नात आजोबा मांडवातून उठताना 'मीठ बेताचं होतं' म्हणाले, तर आचारी पुढे वर्षभर ते वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवत होता.

तर चाळिसावा वाढदिवस आला. तो सोसायटीच्या ग्रूपवर केकच्या चित्रांखाली साजरा होण्यापेक्षा इंदूरला पळून जावं, असं मी ठरवलं. होस्टेलच्या दोन मैत्रिणी तिथे आहेत. अनघा तिथलीच, तिच्या घराण्यात होळकरांच्या नोकरीचे दाखले आहेत. रश्मी चिंचवडची, लग्न होऊन तिकडे गेलेली. बाटगा जास्त कडवा असतो म्हणतात, ते रश्मीकडे बघून पटतं. दोघींना फोनवर बजावलं होतं की मला शांतपणा हवाय, निवांत गप्पा मारू, उगाच धावपळ नको. दोघी 'हो हो' म्हणाल्या. त्या 'हो हो'त मला काहीतरी संशयास्पद ऐकू यायला हवं होतं.

पुण्याहून दुपारी निघालेली गाडी सुरत, बडोदा असा गुजरातचा पाहुणचार घेत रतलाम-उज्जैनवरून सकाळी इंदूरला पोचली. डिसेंबरची थंडी. फलाटावर दोघी, अनघाचे बाबा माकडटोपीत, आणि अनघाचा सात वर्षांचा ओम.

"ब्रश केलास ना गाडीत?" अनघाने गळ्यात पडतापडता विचारलं.

"केला."

"मग चल, पोहे."

बॅगा गाडीत टाकून आम्ही थेट पोह्यांच्या दुकानासमोर उभे. मिरजेत जन्मलेल्या आणि पुण्यात नांदलेल्या बाईला पोहे दाखवायला कुणी नऊशे-हजार किलोमीटर आणत असेल, तर त्यात काहीतरी असणार हे मला मान्य होतं. आणि होतंच. गरम पाण्याच्या भांड्यावर, वाफेवर ठेवलेला पोह्यांचा पिवळाधमक डोंगर, मध्येच दाताखाली येणारी बडीशेप, वरून बारीक शेव, कांदा आणि चिमूटभर जिरावण. जिरावण हा मसाला इंदुरी माणूस आईच्या औषधासारखा जवळ बाळगतो. सोबत जिलबी. तीही नंतर गोड म्हणून खायची नाही. एक घास पोह्यांचा, एक जिलबीचा, असं आलटूनपालटून.

मी घास घेतला. चार जोड्या डोळे. ओमचेसुद्धा.

"छान आहेत," मी म्हणाले. आमच्या घरच्या हिशेबाने मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

अनघाचा चेहरा पडला. "छान? बस?"

"नाही, म्हणजे, मस्त!"

"राहू दे. तिला भूक नसेल," रश्मी म्हणाली आणि दुसरी प्लेट मागवली. या तर्कशास्त्राशी पुढे माझी चांगलीच ओळख झाली. इंदुरात कौतुक कमी पडलं तर तो खाण्याचा दोष मानत नाहीत, अजून पुरेसं खाल्लेलं नाही असं समजतात.

खाऊन झाल्यावर माझ्या हातात द्रोण उरला. त्यात थोडे पोहे, थोडी शेव, पाकात भिजलेला कागद. 2017 पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं हे शहर. तिथे रस्त्यावर काही टाकायची माझी छाती नव्हतीच, पण डब्याशी गेले तर डबे दोन, ओला आणि सुका. मी द्रोण हातात घेऊन विचार करत उभी. मागे रांग लागली. शेवटी ओमने सुस्कारा सोडला, द्रोण घेतला, पोहे एका डब्यात झटकले, कागद दुसऱ्यात टाकला आणि मागच्या काकांना म्हणाला, "मावशी पुण्याहून आली आहे." काकांनी मला क्षमा केल्यासारखी मान हलवली. अनघाच्या गाडीतही सीटमागे कचऱ्याची पिशवी टांगलेली होती. तिकिटाचा कपटा टाकतानासुद्धा मी ओमकडे बघून परवानगी घेत होते.

मग अनघाच्या बाबांचा, म्हणजे आमच्या काकांचा अंमल सुरू झाला. बँकेतून निवृत्त झालेले, गुडघे दुखणारे, पण राजवाड्याच्या चौकात पाऊल पडलं की विशीतले.

"सात मजले आहेत, बेटा. खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. मोजून घे."

मी मोजले. काकांसमोर मोजायचं नाकारणार कोण!

"तीनदा जळालाय हा. शेवटचं चौऱ्याऐंशीमध्ये, दंगलीत. मागचा सगळा भाग चालला गेला." हे सांगताना त्यांचा आवाज असा झाला, की मी न कळत "अरेरे, घरातलं कुणी..." म्हणून बसले.

राजवाड्यानंतर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांच्या समाध्या, छत्र्यांनंतर शीख मोहल्ला. लता मंगेशकरांचा जन्म झाला ती जागा. तिथे आता कपड्यांचं दुकान आहे. आम्ही रस्त्यात उभं राहून त्या दुकानाला मनोभावे नमस्कार केला. आतला विक्रेता बहुधा सरावलेला होता. त्याने नमस्कार स्वीकारला आणि टॉवेल दाखवू का विचारलं.

"इथे जन्माला यायला भाग्य लागतं," काका म्हणाले. "तुझा जन्म कुठला गं?"

"मिरजेचा."

काकांनी क्षणभर विचार केला. "चल, ठीक आहे. अब्दुल करीम खाँ होते तिथे. वाईट नको वाटून घेऊ."

मग होळकर क्रिकेट संघ. सी. के. नायडू, मुश्ताक अली. चार वेळा रणजी करंडक. "आणि महाराष्ट्राने किती? दोन!" काका असे म्हणाले, की उरलेले दोन मीच वाटेत हरवून आले. क्रिकेटमधलं मला ओ की ठो कळत नाही. मी "कमाल आहे!" म्हणाले. ते बरोबर पट्टीत लागलं असावं. काकांनी खूश होऊन मला कचोरी घेऊन दिली.

होळकरांच्या लालबाग महालात जाऊन बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकासारखं फाटक पाहिलं. आत काय पाहिलं ते आठवत नाही, कारण तोवर बसायला मिळेल अशी कुठलीही वस्तू मला राजेशाही वाटत होती आणि तिथल्या खुर्च्यांना दोऱ्या बांधलेल्या होत्या.

काच मंदिराबद्दल मात्र मला रश्मीशी भांडायचंय. शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं हे जैन मंदिर आतून पूर्ण काचेचं आहे. भिंती, खांब, छत, पायाखालची जमीन, सगळीकडे काच आणि आरसे. कारागिरी बघून कुणीही थक्क होईल. पण मला सांगा, चाळिशीच्या उंबरठ्यावर उभ्या, रात्रभर गाडीत आंबलेल्या, दोन प्लेट पोहे आणि एक कचोरी पोटात असलेल्या बाईला कुणी अशा ठिकाणी नेतं का? मी मान वर केली की छतातून हनुवटी दिसे, खाली घातली की जमिनीतून. गाभाऱ्याशी समोरासमोर आरसे लावून मूर्ती अनंत दिसतील अशी योजना आहे. त्यांच्यात मागे कोपऱ्यात मीही अनंत होते. एवढ्या संख्येने मी स्वतःला कधी भेटले नव्हते आणि आमच्यातल्या एकीचेही केस धड नव्हते.

"कसंय?" रश्मी कानाशी कुजबुजली.

"डोळे दिपले," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

संध्याकाळी 'छप्पन दुकान' नावाच्या खाऊगल्लीत मैत्रिणींमधलं शीतयुद्ध उघड झालं. रश्मीचं म्हणणं, खरं इंदूर इथे. अनघाचं म्हणणं, हे सगळं आताचं, खरं इंदूर रात्री सराफ्यात. रश्मीने मला इथेच भरवायचा चंग बांधला, म्हणजे सराफ्यात माझ्याकडून खाल्लं जाणार नाही. अनघाने तो डाव ओळखला आणि प्रत्येक प्लेटमधलं अर्धं स्वतः खाऊन मला वाचवलं. मैत्री म्हणतात ती हीच. अर्थात तिचा हेतू शुद्ध नव्हता.

सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार. रात्री आठ-नऊनंतर पेढ्यांची शटरं खाली येतात आणि त्यांच्याच पायऱ्यांवर, ओट्यांवर कढया चढतात. मग मध्यरात्र उलटून जाईपर्यंत त्या गल्लीत जी गर्दी होते, तिच्यात आपण चालत नाही, वाहत जातो. मक्याची कणसं किसून दुधात शिजवलेला भुट्टे का कीस. थंडीतच मिळणारे गराडू, म्हणजे कोनफळाच्या भाऊबंदातला एक कंद, खरपूस तळून वर लिंबू आणि पुन्हा जिरावण. एक दहीवडेवाला भरलेला द्रोण हवेत उंच उडवून झेलत होता, त्यातला थेंब सांडत नव्हता. त्याने द्रोण उडवला की गल्लीतल्या सगळ्या माना वर आणि खाली होत. माझीही मान गेली, पण पोटाने मानेला साथ दिली नाही.

गराडूनंतर मी खुणेनेच शरणागती पत्करली. पोटाला उतारा म्हणून काहीतरी पातळ, आंबट, लिंबाचं घ्यावं, म्हणून शिकंजी सांगितली. साऱ्या उत्तर भारतात शिकंजी म्हणजे लिंबू सरबत. इंदुरात शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, केशर, वेलची, सुकामेवा, आणि असा दाटपणा की चमचा आधाराशिवाय उभा राहील. मी पेल्यात बघत राहिले. पेल्यातून एक बदाम माझ्याकडे बघत होता.

"घेऊन घे, घेऊन घे," अनघा पाठीवर हात फिरवत म्हणाली. "पचायला हलकी असते."

बाराला पाच मिनिटं कमी असताना लक्षात आलं की ओम जागा आहे आणि रश्मी पर्समध्ये काहीतरी शोधते आहे. जलेबावाल्यापुढे आम्ही उभे होतो. जलेबा ही जिलबीची थोरली जाऊ. एकच उचलली तरी ताट भरतं. कढईतून पाकात, पाकातून कागदी प्लेटमध्ये, प्लेट माझ्या हातात, आणि बाराच्या ठोक्याला रश्मीने तिच्या मधोमध मेणबत्ती खोचली.

जलेबा गरम होता. मेणबत्ती वरून जळत होती आणि खालून वितळत होती. "हॅपी बर्थडे" सुरू झालं तेव्हा ती सरळ होती, माझं नाव यायच्या ओळीला ती अनघाकडे कलली, आणि गाणं संपताना पाकात आडवी झाली. ज्योत विझली ती फुंकरीने नाही, पाकाने. तोवर गल्ली थांबलेली. गराडूवाला टाळ्या वाजवत होता, कुठल्याशा लग्नाची खरेदी करून आलेलं एक कुटुंब सुरात सामील झालं होतं, त्यांच्यातल्या आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "कितवाँ लगा बेटा?"

"चालीसवाँ."

"लगती नहीं हो," आजी म्हणाल्या. काच मंदिरात दिवसभर जे झालं ते या एका वाक्याने भरून निघालं. "थोड़ी दुबली हो. ठीक से खाया करो."

ओमने मेणबत्ती चिमटीत धरून वर काढली. "हे सुकं आहे का ओलं?" त्याने पहिल्यांदाच शंका विचारली. आसपासच्या सात-आठ नागरिकांत यावर गंभीर चर्चा झाली. निर्णय होईपर्यंत मेणबत्ती ओमच्या हातात आणि पाक माझ्या ड्रेसवर होता.

प्रत्यक्ष वाढदिवसाच्या दुपारी काकूंनी दाल-बाफले केले होते. बाफले म्हणजे कणकेचे गोळे. आधी उकडायचे, मग भाजायचे, मग तुपात बुडवायचे, आणि पाहुण्याच्या पानात फोडून वर पुन्हा तूप घालायचं. ओवाळून झालं, औक्षणाची सुपारी हातात होती, आणि पानात बाफला. मी जेवले आणि बसल्या जागी अशी झोपले की शुभेच्छांचे सगळे फोन काकांनी घेतले. माझ्या नवऱ्याला त्यांनी होळकरांच्या रणजी करंडकांबद्दल सांगितलं. माझ्या आईला त्यांनी विचारलं की मुलीला घरी काही खायला घालत नव्हता का.

निघताना बॅगेत कपड्यांना जागा उरली नाही. लवंगी शेव, बारीक शेव, जिरावणाच्या पुड्या, कचोऱ्यांचा पुडा. काकांनी वरून होळकरांवरची एक पुस्तिका दिली. "वाचून फोन कर," म्हणाले. स्टेशनवर दोघी रडल्या, मीही रडले. गाडीने वेग घेतला आणि अनघाचा फोन आला.

"ऐक, रतलामला गाडी थांबेल. फलाटावर शेव विकतात. घेऊ नकोस. आपली चांगली आहे."

रतलामला एक गृहस्थ चढले, समोरच्या बाकावर बसले. सामान लावलं, चपला काढल्या, पिशवीतून पुडा काढला, गाठ सोडली आणि मोठ्या आदबीने माझ्यापुढे धरला.

"लीजिए बहनजी. रतलाम की है."

"वाह! क्या बात है! लाजवाब!" मी म्हणाले.

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"पहले मुँह में तो डालिए."