साहेबांचा अभ्यास

संशोधन प्रकल्पाच्या प्रवासखर्चाचं बिल परत आलं. वरच्या कोपऱ्यात लाल शाईत शेरा होता: "प्रवासखर्चापोटी कोरा कागद जोडला आहे. खुलासा व्हावा." कोरा कागद म्हणजे माझं सातारा–मुंबई एसटीचं तिकीट. कंडक्टरनं हातात दिलं तेव्हा त्यावर मार्ग, तारीख, रक्कम सगळं होतं. पण बिलानं प्रत्येक टेबलावर एवढे मुक्काम केले, की अक्षरं कंटाळून निघून गेली.

मशीनच्या तिकिटात शाई नसतेच. कागदावर उष्णतेनं काळा पडणारा थर असतो. तो उन्हानं उडतो, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला तरी उडतो आणि डिंक लावला की विचारूच नका. म्हणून तिकिटाची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी, मूळ तिकीट कागदाला स्टेपल करावं आणि खाली पेनानं तारीख, कुठून कुठे, रक्कम लिहून सही ठोकावी. नियमावलीत फक्त 'मूळ बिले जोडावीत' एवढंच असतं. ती टिकवायची कशी, हे ज्याचं त्यानं बघायचं.

खुलासा म्हणजे हमीपत्र. ते छापायला पोवई नाक्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो, तर मागून आवाज आला, "सायबांचं काय काढलंय?"

मागे एक आप्पा. टोपी, धोतर, काखेत पिशवी; पिशवीत सात-बारा, आठ-अ, फेरफार आणि कोर्टाचा एक गठ्ठा. दुकानातल्या पोराच्या स्क्रीनवर माझ्या प्रकल्पाचं नाव होतं: 'यशवंतराव चव्हाण आणि द्विभाषिक मुंबई राज्य, 1956 ते 1960'. आप्पांनी ते मोठ्यानं वाचलं. दुकानातल्या सगळ्यांनी ऐकलं.

"अभ्यास करतोय साहेबांचा," मी म्हटलं.

"पैसं देत्यात का?"

इथे थांबायला हवं होतं, पण मास्तराच्या जातीला प्रश्न दिसला की उत्तर फुटतंच. सांगितलं, की मला फक्त खर्च मिळतो, तोही तिकीट दिसलं तर. पण नेट ही पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप, मिळवलेल्या पोरांना पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये मिळतात, पुढे 42,000. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची डॉक्टरेटसाठी वेगळी फेलोशिप असते, ती महिन्याला 20,000.

"सदतीस हज्जार!" आप्पांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "आन काम काय?"

"जुने कागद शोधायचे, वाचायचे, लिहायचं."

"इलेक्शनच्या आधी का नंतर?"

"इलेक्शनचा संबंध नाही."

"मग कुठल्या गटाकडनं हाय?"

"गट नाही. सरकारकडून."

"तेच इचारतोय. सरकार म्हंजी कुठला गट?"

पोरगा हसला. आप्पा हसले नाहीत. साताऱ्यात पुढाऱ्याच्या नावानं पतसंस्था, शाळा, चौक, बाजार समितीचं गेट, काहीही निघू शकतं; पण त्याच्या नावानं नुसतं वाचत बसायला कोणी पैसे देईल, हे काही आप्पांना पटेना. खरं सांगायचं तर मलाही अधूनमधून पटत नाही. सदतीस हजार ऐकायला गोल वाटतात. पण ते दरमहा आपोआप येत नाहीत. महाविद्यालयातला एक जण पोर्टलवर हजेरी भरतो, त्याला मेकर म्हणायचं. दुसरा ती तपासून मंजूर करतो, तो चेकर. चेकर मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेला, की फेलोशिप वऱ्हाडात जाते. दोन वर्षांनी बाहेरचा तज्ज्ञ असलेली समिती प्रगती बघते, मगच बेचाळीस हजार. घरभाडंही मिळतं, पण शहराच्या वर्गाप्रमाणे. सांगली वरच्या वर्गात, सातारा खालच्या. एकाच नेत्यावर, एकाच विषयावर काम करणाऱ्या दोघांपैकी सांगलीच्या पोराचं भाडं जास्त. साताऱ्याच्या पोरानं हे कोणाला सांगायचं?

"मास्तर, कागद कशाला शोधताय?" आप्पा जवळ आले. "साहेब आमच्या घरी जेवल्यात. लिवा."

खिशातली वही काढली. "कधी?"

"दुष्काळाच्या साली. भात्तर. मुख्यमंत्री हुते."

"आप्पा, बहात्तरला यशवंतराव दिल्लीत अर्थमंत्री होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक."

आप्पांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मग नाईक जेवले असतील. जेवान त्येच हुतं."

आता यावर तळटीप कशी द्यायची? तोंडी इतिहासाची अडचण हीच असते. माणूस खोटं बोलत नाही. आठवणीत फक्त पाहुणा बदलतो, पिठलं-भाकरी जाग्यावर असते. म्हणून दौऱ्याची तारीख त्या वेळच्या वर्तमानपत्रातून काढायची, गावातल्या दुसऱ्या वाड्यातल्या माणसाला विचारायचं, आणि दोघांचं फारच तंतोतंत जुळलं तर जास्त संशय घ्यायचा. रेकॉर्डिंग करायचं तर संमतीपत्र लागतं: नाव, सही, नाव छापलेलं चालेल का, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार. दोन प्रती, एक त्यांच्याकडे. आणि अंदाजपत्रकात शब्दांकनाचे पैसे मोकळ्या हातानं मागा. आमच्या बोलीतलं तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, त्यात मध्येच म्हैस ओरडली तर जास्त. छाननीवाले नेमका हाच आकडा निम्मा करतात.

"सही?" संमतीपत्राचं ऐकून आप्पांनी पिशवी पुन्हा काखेत मारली. "वकिलानं सांगितलंय, कशावर सही करायची न्हाय. बांधाची केस चालू हाय."

"याचा जमिनीशी संबंध नाही."

"चुलतभावानंबी असंच सांगितलं हुतं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

पोरगा हमीपत्राची दुसरी प्रत काढत होता तोवर आप्पा स्वतःच सैल झाले. आजा प्रतिसरकारात होता म्हणाले. यात नवल नाही. इंग्रज राजवटीला समांतर चाललेल्या 1943 ते 1946 च्या या पत्री सरकारात आमच्या जिल्ह्यातल्या जेवढ्या घरांचा आजा होता, तेवढी घरं तेव्हा जिल्ह्यात होती का, ही शंका मी मनातच ठेवतो. पण चिडचिड वेगळीच आहे. ज्यांचे आजे खरोखर होते, त्यांच्याबद्दलचे कागद कुठे आहेत? तासगावचं काही बघायचं तर सांगली म्हणून शोधून उपयोग नाही, कारण तेव्हा ते साताऱ्यात. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. यशवंतराव जन्मले ते देवराष्ट्रे 1913 साली साताऱ्यात होतं, आज ते सांगलीत आहे. औंध, मिरज, जत, फलटण ही संस्थानं, म्हणजे त्यांची दप्तरं आणखी तिसरीकडे. कोणत्या सालचं गाव कोणत्या जिल्ह्यात, एवढा एक तक्ता आधी स्वतः बनवल्याशिवाय कोणत्याही सूचीला हात लावू नये. नाहीतर अभिलेखागारात मागणीची चिठ्ठी भरायची, दिवसभर बसायचं, आणि संध्याकाळी चिठ्ठी परत येते: 'आढळत नाही.' आढळलं तर 'जीर्ण, देता येत नाही.' दिल्लीच्या केंद्रीय दप्तरांना 1993 चा कायदा आहे, पंचवीस वर्षांनी कागद खुले करायची तरतूद आहे. इथल्या नेत्यांचे कागद मात्र नातवाच्या माळ्यावर असतात. माळ्याला कायदा लागू नाही.

आणि फेलोशिपवाल्यांना कागद असलेला नेता आवडतो. दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात ज्याची खोकी क्रमांक टाकून ठेवली आहेत, तो राष्ट्रीय. मागे माझ्या एका विद्यार्थ्यानं क्रांतिसिंह नाना पाटलांवर प्रस्ताव पाठवला. शेरा आला: 'नेता स्थानिक स्वरूपाचा.' नाना पाटील 1957 ला साताऱ्यातून लोकसभेत गेले, 1967 ला बीडमधून. दोन वेगवेगळ्या टोकांच्या जिल्ह्यांनी दिल्लीला पाठवलेला माणूस स्थानिक, मग राष्ट्रीय कोण? ज्यानं पत्रांच्या कार्बन कॉप्या ठेवल्या तो? मुलगा मुकाट्यानं बसला. मी बसलो नाही, पण माझ्या न बसण्यानं काही झालं नाही.

त्यातल्या त्यात एक उपाय आहे. प्रस्तावाला 'जीवन व कार्य: एक अभ्यास' असं नाव देऊ नये. ते वाचून छाननीवाल्याला सत्कार समारंभाचा वास येतो आणि तो पान उलटतो. एक काळ, एक प्रश्न, कागदांची नक्की जागा, एवढंच द्यावं. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेख, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दप्तर आहे. त्याच्या कोणत्या खात्याच्या, कोणत्या सालच्या फायली बघणार, हे प्रस्तावातच लिहावं. वर्णन कमी, फायली जास्त. आणि पैसे घेतल्यावर ते ठरल्या कामालाच खर्चले याचं उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) 12-ए या नमुन्यातच द्यावं. जुना 19-ए अजून काही कार्यालयांच्या कपाटात आहे. तो भरून दिला की पुढचा हप्ता तिथेच राहतो.

"चिठ्ठी हाय माझ्याकडं," आप्पा कुजबुजले. "साहेबांची. सहीसकट."

मी एकदम सरळ झालो. चिठ्ठीचे दोन्ही बाजूंनी फोटो, पाकीट असेल तर पाकिटाचा, टपालाचा शिक्का, घरात कोणाकडून कोणाकडे आली याची नोंद. सगळी यादी डोक्यात धावली. "आप्पा, तिला पिना-टाचण्या लावू नका. उन्हात ठेवू नका. आणि काहीही करा, लॅमिनेशन करू नका. प्लॅस्टिक एकदा गरम होऊन चिकटलं की निघत नाही, कागद आतल्या आत खराब होतो."

"लॅमिनेशन झालंय की. फ्रेमबी."

"मीच करून दिलं," पोरगा अभिमानानं म्हणाला. "दिवाळीचं छापील शुभेच्छापत्र आहे सर. सहीपण छापलेलीच आहे. फोटो आहे माझ्याकडं, दाखवू?"

आप्पांना छापील आणि हाताची असा भेद मान्य नव्हता. पत्ता हातानं लिहिला होता, म्हणजे आप्पांची आठवण काढल्याशिवाय लिहिला का? हा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. वाद वाढू नये म्हणून मी हमीपत्राचे पैसे दिले.

"नातू बीए झालाय," आप्पा पायरीपर्यंत आले. "त्याला लावा की तिथं. सदतीस हजारावर."

मी सांगितलं: तीन वर्षांच्या बीएनंतर एमए हवं, खुल्या वर्गाला 55 टक्के, राखीव वर्गाला 50. मग नेट, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. दोन पेपर, मिळून दीडशे प्रश्न, तीन तास, उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. जेआरएफला वयाची अट तीस वर्षांची, काही वर्गांना सवलत. गुणवत्ता यादीत वर आलं तर मिळते.

"ते झालं. पर चिठ्ठी कुणाची लागती?"

"कोणाचीच नाही."

"साहेबांची?"

"साहेबांचीसुद्धा चालत नाही, आप्पा."

आप्पांनी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या हमीपत्राकडे बघितलं.

"मग मास्तर, सायबांचा अभ्यास करून उपेग काय?"